बडग्याला अग्नी कोण देणार?

आमच्या गल्लीने जगातल्या एकाही बड्या नेत्याला सोडलेलं नाही. समुद्रापलीकडचे राष्ट्राध्यक्ष, शेजारपाजारचे हुकूमशहा, युद्ध लावून देणारे आणि युद्ध थांबवल्याचं श्रेय घेणारे, अशा सगळ्यांना आम्ही बांबूच्या कमच्यांवर उभं केलं, वर कागद चिकटवले, हातगाडीला बांधून भर उन्हात मिरवलं आणि शेवटी मागच्या मैदानात जाळलं. त्यांच्यापैकी एकानेही आजवर निषेधाचा खलिता पाठवलेला नाही. आमचा वचक किती, ते यावरून समजा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा मोठ्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले पुतळे, गावाची रोगराई घेऊन पुढे जातात आणि त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे पुतळाच, पण ज्याने लोकांना छळलं त्याचा. महागाईचा, भेसळीचा, नेत्याचा. आमच्या गल्लीची आणखी एक खोड होती. बडग्या उचलण्याआधी गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईने त्याला विचारायचं, ‘कोण रे बाबा तू? काय करून ठेवलं?’ आणि बडग्याने उत्तर द्यायचं. तो आवाज माझा. हातगाडीच्या मागे चादर बांधलेली, चादरीमागे माईक घेऊन मी. महासत्तेचा राष्ट्राध्यक्ष माझ्या तोंडून अस्सल नागपुरी हिंदीत फुशारक्या मारायचा आणि मग सगळी गल्ली ओरडायची, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ वर्षातून एक दिवस मी जागतिक नेता होतो. बाकीचे दिवस एका खासगी शाळेत भूगोल शिकवतो.

बडगे करायचे काकाजी. काकाजी माझे सख्खे कोणी नव्हेत, दोन घरं सोडून राहणारे पेंटर. फ्लेक्स येण्याआधी अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी महापालिकेचा छोटा दवाखाना आहे, त्याच्या कपाळावरचं ‘दवाखाना’ हे निळं, गरगरीत अक्षरही त्यांचंच. मागल्या बडग्याच्या वेळी बांबूची कमची त्यांच्या तळपायात गेली. साखरेचा आजार जुना, त्यामुळे पायाला कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम आत पसरली होती. मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘रोज ड्रेसिंग करा. खाडे केले तर पाय वाचणार नाही.’

रोजचं ड्रेसिंग गल्लीच्या तोंडाशी व्हायचं. काकू त्यांना हाताला धरून न्यायच्या, नर्सबाई पट्टी बदलायच्या, दोघं गप्पा मारत परत. मग एका सकाळी दवाखान्याला कुलूप दिसलं. ‘नूतनीकरण’. थोड्या दिवसांनी कुलूप निघालं, पण नूतन निघालं ते भाऊंचं जनसंपर्क कार्यालय. काकाजींच्या निळ्या अक्षरांवर भाऊंचा भलामोठा फ्लेक्स. हात जोडलेले, दात पांढरे.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे नेते. निवडणूक लांबत गेली होती, महापालिकेत प्रशासक बसले होते. त्यामुळे भाऊंच्या फ्लेक्सवर एका ओळीत ‘माजी नगरसेवक’ आणि खालच्या ओळीत ‘भावी महापौर’. माजीही तेच, भावीही तेच. आजी कोणीच नाही. दवाखान्याचं विचारायला गेलं की भाऊ दोन्ही हात वर करत, ‘मी तर पदावर नाही ना बाप्पा, प्रशासनाले विचारा.’ प्रशासनाला विचारलं की तिथले साहेब म्हणत, ‘स्थानिक नेतृत्वाशी बोला.’ आणि किल्ली भाऊंच्या माणसाच्या कमरेला.

मोठा दवाखाना लांब. कधी ऑटो मिळायचा नाही, कधी काकूंना ताप, कधी तिथे रांग अशी की काकाजी चक्कर येऊन बसायचे. खाडे होऊ लागले. काकू पट्टी सोडायच्या तेव्हा मी तिकडे बघत नसे, पण वास यायचा.

पोळा जवळ आला तसे आम्ही काकाजींच्या टिनाच्या शेडमध्ये जमलो. यंदा कोण? एकाने नेहमीप्रमाणे एक परदेशी नाव सुचवलं. बातम्यांत तोच होता, आयात कर काय, धमक्या काय, मसाला भरपूर. मी तर त्याचा आवाज घोटून ठेवला होता. काकाजी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. म्हणाले, ‘त्याले जाळून माया पायाची पट्टी कोण बदलवते?’

 परदेशी नाव सुचवणाऱ्याने मोबाइल खिशात घातला.

‘काकाजी,’ मी म्हणालो, ‘भाऊंचा बडग्या करता? नाव लिहाल तर केस होईल.’

‘नाव नाई लिहीत.’

‘शिवी लिहिली तर मारामारी होईल.’

‘शिवीबी नाई. प्रश्न लिहिला तर काय होते?’

‘काय होते?’

‘तेच तर पाहू ना गा.’

काकाजी बसल्या बसल्या काम करत राहिले. पांढरा कुर्ता, वर जाकीट, जोडलेले हात आणि त्या हातांमध्ये पुठ्ठ्याची वीतभर किल्ली. चेहरा केलाच नाही. खाकी कागदाचं कोरं डोकं. गळ्यात पाटी, तीवर त्यांच्या त्या निळ्या, गरगरीत अक्षरात एकच शब्द: ‘काहून?’

पुण्यामुंबईचा वाचक इथे अडेल म्हणून सांगतो. ‘काहून’ म्हणजे ‘का’. पण ‘का’ हे अक्षर तोंडातून निसटून जातं, त्याला ‘उगीच’ म्हणून बोळवता येतं. ‘काहून’ विचारणारा माणूस चप्पल काढून ओट्यावर बसलेला असतो. तो उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही.

बातमी फुटलीच. भाऊंचा एक माणूस शेडमध्ये आला. चादरीखालच्या आकाराकडे त्याने पाहिलं नाही, इतकं नीट पाहिलं नाही की आम्हाला समजलं, सगळं पाहिलं. काकूंनी चहा दिला. तो फुंकर मारत म्हणाला, ‘काकाजी, पायाची काळजी घ्या. त्या दिवशी लई गर्दी असते. कोणाचा पाय पडला पायावर, तं?’

‘तं दवाखान्यात जाऊ,’ काकू म्हणाल्या. ‘उघडा आहे काय?’

त्याने कप अर्धाच ठेवला. जाताना माझ्याकडे वळला, ‘मास्तर, तुमच्या शाळेचे अध्यक्ष भाऊंचे खास आहेत, माहीत आहे ना?’ मला माहीत होतं. त्या दिवसापासून माझा घसा जो कोरडा पडला, तो ज्येष्ठमधाने भिजला नाही. बायकोने विचारलं, ‘अहो, एक वर्ष दुसऱ्याने आवाज दिला तर चालत नाही काय?’ मी म्हणालो, कलाकाराचा धर्म असतो. ती म्हणाली, कलाकाराचा पगारही असतो.

मारबतीचा दिवस. सकाळीच ऊन तापलं. बडग्या हातगाडीवर, शेजारी खुर्चीत काकाजी, पाय पिशवीत गुंडाळून उशीवर. मी चादरीमागे. संदल, म्हणजे आमच्याकडचा ढोलताशा, वाजत होता आणि एकदम वाजायचा थांबला. चादरीच्या फटीतून पाहिलं तर गल्लीच्या तोंडाशी भाऊंची पांढरी गाडी. बंपरला लिंबू-मिरची ताजी, कारण भाऊंचा या गोष्टींवर विश्वास दांडगा. मनगटावर चार रंगांचे दोरे, अर्ज भरायचा मुहूर्तही पंचांग पाहून. मागे पंधरावीस कार्यकर्ते. कोपऱ्यावरचा पोलीस शिपाई मोबाइलमध्ये अचानक फार गुंतला.

भाऊ हसत आले. हातात झेंडूचा हार. मला डाव कळला. रागावले असते तर बडग्या त्यांचा ठरला असता. हार घातला की बडग्या सगळ्यांचा आणि उत्सव भाऊंचा.

‘वा काकाजी! झकास बनवला. कोण होय हा?’

‘तुम्हीच ओळखा.’

‘परदेशातला दिसते,’ भाऊ म्हणाले. कार्यकर्ते हसले. गल्लीतलं कोणी हसलं नाही.

तेवढ्यात काकू पुढे आल्या. गल्लीत त्याच वडीलधाऱ्या. पदर खोचला आणि बडग्यासमोर उभ्या राहून, भाऊंकडे न बघता, नेहमीचा प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, ‘दवाखाना काहून बंद आहे?’

आता उत्तर मी द्यायचं होतं. माईक हातात, बटण दाबलेलं, माझा श्वास अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता. भाऊंचा आवाज मला उत्तम येतो. तो नाकातून येणारा ‘बाप्पा’, वाक्याच्या शेवटचा खोकला, सगळं. पण भाऊ हातगाडीपासून हातभर अंतरावर उभे आणि त्यांच्या मागे तो चहा अर्धा टाकून गेलेला माणूस. तोंड उघडलं तर आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. नाहीच.

मग मी चादर बाजूला करून बाहेर आलो आणि माईक भाऊंच्या हातात दिला.

‘बडग्याचा गळा बसला आहे, भाऊ,’ मी म्हणालो. ‘यंदा तुम्हीच बोला.’

लोक याला धाडस म्हणतात. लोकांचं मत मोडायची मला सवय नाही.

नेत्याच्या हातात माईक आला की हात आपोआप तोंडाकडे जातो. भाऊंचाही गेला. ‘बंधू आणि भगिनींनो, मी आज पदावर नाही...’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘काहून?’

‘निवडणूक झाली नाही ना बाप्पा. प्रशासनानं नूतनीकरण काढलं...’

‘काहून?’ आता चारपाच आवाज.

‘छत गळत होतं...’

‘मंग ऑफिस काहून तिथं?’ ही एक बाई. मग सगळी गल्ली, एका सुरात, टाळीवर: ‘काहून? काहून? काहून?’

भाऊंचं हसू तसंच राहिलं, पण कपाळावर घाम आला. कार्यकर्ते दोन पावलं पुढे सरकले. एकाने हातगाडीच्या दांड्याला हात घातला. हातगाडी खुर्चीला धडकली, काकाजींचा पाय उशीवरून घसरला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने सगळे जागच्या जागी थिजले. काकूंनी त्या माणसाचं मनगट धरलं होतं. म्हातारी बाई, पण तो हात सोडवू शकला नाही, किंवा त्याची हिंमत झाली नाही.

भाऊंनी माईक खाली केला आणि हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘काकाजी, सणाचा दिवस आहे. चला, उचला, जाळून टाका, विषय संपला. ईडापीडा जाईल सगळ्याची.’

काकाजी धापा टाकत होते. म्हणाले, ‘जाळत नाई.’

‘म्हणजे?’

‘उत्तर येईपर्यंत बडग्या इथंच राहीन. माया शेडात. रस्त्याकडे तोंड करून.’

भाऊंनी मनगटावरचे दोरे चाचपले. मी ते पाहिलं. प्रश्नाला ते घाबरले नव्हते, प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं पचले होते. पण आपलाच बडग्या, न जळलेला, आपली सगळी पीडा पोटात घेऊन भररस्त्याकडे बघत उभा, आणि तोही निवडणुकीच्या तोंडावर! हार हातातच राहिला. गाडी उलटी गेली.

आमच्या बायकाही खवळल्या. ‘गल्लीत ईडापीडा ठेवता काय? लेकराबाळांचं घर आहे!’ काकू म्हणाल्या, ‘राहू द्या वं. माया घरात आहेच ना ती. पायात.’

त्या दिवशी मारबतीत आमचा बडग्या गेला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

पुढचे दिवस वाईट गेले. गल्लीत कोणी खोकलं की लोक शेडकडे बघायचे. एकाची गाडी घसरली, बडग्यामुळे. एकीचं दूध नासलं, बडग्यामुळे. शाळेत अध्यक्षांनी मला बोलावून भूगोलाचे तास कमी करण्याबद्दल विचार सुरू असल्याचं सांगितलं, तेही बहुधा बडग्यामुळेच. आणि काकाजींचा अंगठा काळा पडत चालला होता. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘मास्तर, जाळून टाकू काय? हे ऐकत नाई. तुमचं ऐकतीन.’ मी आत जाऊन काकाजींना विचारलं. ते म्हणाले, ‘जाळला तं अंगठा परत येते काय?’ मी बाहेर येऊन सांगितलं, ऐकत नाहीत. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि बडग्याच्या कुर्त्यावरची धूळ झटकली.

मग एका दुपारी भाऊंचे सहाजण आले. रॉकेलची बाटली, काड्यापेटी. काकाजी आत झोपले होते, शेडपाशी मी आणि काकू. सहाजणांपुढे मी काय करणार? माझी शरीरयष्टी नकाशा टांगायच्या खुंटीसारखी आहे. त्यांनी बडग्या ओढून मोकळ्या जागेत आणला, रॉकेल ओतलं. लोक दारात आले, पण पुढे कोणी येईना. एकाने काडी काढली.

आणि तेव्हा, देवाशपथ, माझा घसा सुटला.

‘थांबा,’ मी म्हणालो. ‘अग्नी कोण देऊन राहिलं?’

‘म्हणजे?’

‘भाऊंना अग्नी. विधी आहे ना गा. जो वारस असतो तो देतो. तुमच्यातला वारस कोण?’

काडीवाल्याचा हात थांबला. त्याने बाकीच्या पाचांकडे पाहिलं आणि पाचांनी त्याच्याकडे. भाऊंनंतर वॉर्डाचं तिकीट कोणाला, हा प्रश्न या सहाजणांत वर्षभर धुमसत होता. गल्लीतल्या पाणीपुरीवाल्यालाही माहीत होता.

‘हा भाऊ थोडीच आहे?’ एकजण म्हणाला.

‘नाही? मग जाळ ना,’ मी म्हणालो. ‘मी व्हिडिओ काढतो. भाऊंना पाठवू, पहिली काडी कोणी लावली ते.’

काडीवाल्याने काडी ओढली आणि पेटलेली दुसऱ्यापुढे धरली, ‘तू लाव.’

‘मी काहून? तुले पाठवलं.’

‘तू सीनियर आहे ना बे.’

‘तुलेच घाई आहे तिकिटाची!’

काडी त्याच्या बोटापर्यंत जळत आली, चटका बसला, त्याने ती फेकली. रॉकेल सांडलेल्या मातीपासून हातभर दूर पडली आणि विझली.  काकू शांतपणे म्हणाल्या, ‘आता उचला अन् जिथून आणला तिथं ठेवा.’ आणि त्यांनी ठेवला, हो! दोघांनी डोकं धरलं, दोघांनी पाय, अगदी जपून. एकाने निघालेली पाटी पुन्हा गळ्यात घातली.

ही गोष्ट भाऊंपर्यंत कशी पोचली माहीत नाही. सहा मार्गांनी पोचली असावी. त्याच आठवड्यात फ्लेक्स उतरला. खाली काकाजींची अक्षरं होती, ‘द’ची शेपटी खिळ्याने थोडी उडालेली. खुर्च्या गेल्या, नर्सबाई आल्या. पण त्याच्या दोन दिवस आधी मोठ्या दवाखान्यात काकाजींचा अंगठा काढावा लागला होता. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आता एकही खाडा नको. खाडा झाला नाही.

मग बडग्या जाळायचं ठरलं. मैदानात तो उभा केला आणि काय सांगू, भाऊ स्वतः हजर! हार नाही, माईक नाही, गाडी लांब लावलेली. काडी काकाजींनी लावली. आग लागली तसे भाऊ जवळ सरकले. एक बांबू अर्धवट जळून बाहेर पडला तर भाऊंनी काठीने तो आत ढकलला. किल्लीचा पुठ्ठा उडाला, तोही पकडून आत टाकला. काही म्हणजे काही शिल्लक राहू नये. आणि आम्ही ओरडलो तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा, ‘ईडा, पीडा, घेऊन जा गे मारबत!’ मी तो आवाज व्यावसायिक कानाने ऐकला. खोकला नव्हता.

राख शांत झाली. भाऊंनी हात जोडले आणि निघाले, तर खुर्चीतून काकाजी म्हणाले, ‘भाऊ, डॉक्टर दोनच दिवस येते आठवड्यातून.’

भाऊ थांबले. ‘तेवढं बाकी आहे. प्रशासनाशी बोलतो ना.’

काकाजींनी मान हलवली. पुढे काहीच विचारलं नाही. भाऊंनी थोडी वाट पाहिली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग मैदानाच्या कडेला काकाजींच्या टिनाच्या शेडकडे त्यांची नजर गेली. दार उघडंच होतं. आत भिंतीला नवे बांबू टेकवलेले होते, हिरवे, अजून न चिरलेले.

‘बोलतो,’ भाऊ पुन्हा म्हणाले. ‘उद्याच बोलतो.’